मोलकरणीचे शंभर गिल्डर आणि वेंगुर्ल्याची वखार

मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी नेदरलँड्सला होतो. शनिवार-रविवार मोकळा मिळाला, तो ॲम्स्टरडॅममध्ये घालवला. बोटीतून कालवे फिरलो, फोटो काढले, स्टोरी टाकल्या. सगळे टाकतात तशाच.

कालव्यांवरची ती उंच, अरुंद घरं बघितलीत ना? जमीन दलदलीची, म्हणून घरं लाकडी खांबांवर उभी. डॅम चौकातला राजवाडा तर १३,६५९ खांबांवर आहे! लाकूड पाण्याखालीच राहिलं तर हवा लागत नाही, म्हणून कुजत नाही. घरांच्या माथ्यावर एक आकडा दिसतो. जिने इतके चिंचोळे की सामान दोराने खिडकीतून वर घ्यायचं. आणि माळ्यावर व्यापाराचा माल.

माल कुठला? म्हणून मी आउडे होखस्ट्राट या गल्लीत गेलो. डच ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी इथे होती, १६०६ पासूनची. आज तिथे विद्यापीठ आहे. आपण ज्यांना 'वलंदेज' म्हणायचो, त्यांचं हे हेड ऑफिस!

ही कंपनी निघाली १६०२ मध्ये, आणि तिचे शेअर कुणीही घेऊ शकत होतं. आजच्या भाषेत आयपीओच. नोंदणी झाली दिर्क फान ओस नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी. एकट्या ॲम्स्टरडॅममध्ये हजारावर लोकांनी पैसे लावले. त्या यादीत फान ओसच्या घरची मोलकरीणही आहे, नेल्टखेन कॉर्नेलिस. रक्कम १०० गिल्डर. घरात रोज माणसांची रीघ बघून बाईलाही वाटलं असेल, आपणही लावूया. मला हे वाचून फार भारी वाटलं होतं.

पण पुढचं ऐका. १६१० मध्ये कंपनीने पहिला लाभांश देऊ केला तो चक्क जायपत्रीच्या रूपात. जायफळ आणि जायपत्री तेव्हा जगात एकाच ठिकाणी पिकायची: आजच्या इंडोनेशियातली छोटीशी बांदा बेटं. तिथल्या लोकांनी दुसऱ्या कुणाला माल विकू नये, हा कंपनीचा हट्ट. डच सरकारच्या सनदेने तिला किल्ले बांधायची, लढाया करायची मुभा होती. १६२१ मध्ये यान पीटरसोन कून फौज घेऊन तिथे उतरला. बहुतेक बेटवासी मारले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. मग त्याच बागांत बाहेरून आणलेले गुलाम राबवले.

इकडे ॲम्स्टरडॅममध्ये १६१३ पासून नवे कालवे खोदणं चालू होतं. सगळा पैसा मसाल्याचा नव्हता, बाल्टिकचं धान्य आणि लाकूड यांचा व्यापारही प्रचंड होता. पण मसाल्याचाही होताच. नेल्टखेनला बांदाचं काय माहीत असणार? माझी एसआयपी ज्या कंपन्यांत जाते, त्यातल्या मला चार सांगता येतील. फार तर पाच.

आणि आपला संबंध? गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला डचांना जवळ एक तळ हवा होता. १६३७ च्या सुमारास आदिलशाहीच्या परवानगीने त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. तिथून गेलेल्या पत्रांत शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या आहेत. महाराजांच्या इतिहासाला ही पत्रं साधन म्हणून उपयोगी पडली. म्हणजे कंपनी हिशेबही ठेवायची आणि नजरही.

२०२१ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या महापौरांनी गुलामीच्या व्यापारातल्या शहराच्या सहभागाबद्दल जाहीर माफी मागितली. त्या कचेरीच्या चौकात उभं राहून मी वेंगुर्ल्याच्या आत्याला फोटो पाठवला. म्हटलं, आत्या, तुमच्याकडची ती पडकी वखार आहे ना, तिचे मालक इथे बसायचे.

आत्याचा रिप्लाय आला, "थंय आता कोण जाता? जेवलंस काय?"