हातोहात पसरलेला रोग

साथीचा रोग माणसाच्या पायांनी गावोगाव जातो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. संगणकाच्या रोगाचा इतिहासही काहीसा असाच आहे. सुरुवातीच्या काळात तो बहुतांशी तारेतून नव्हे, तर हातोहात पसरला.

१९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू तयार केला. हा विषाणू म्हणजे सजीव जंतू नव्हे. गुपचूप स्वतःच्या नकला काढणारी ती एक आज्ञावली. फ्लॉपी या यंत्रातून त्या यंत्रात जाई आणि तिच्यासंगे हा पाहुणाही जाई.

पुढे फ्लॉपी गेली, बोटाएवढा पेनड्राइव्ह आला. वाट मात्र तीच राहिली. २००८ साली मध्यपूर्वेतील एका अमेरिकी लष्करी तळावर दूषित पेनड्राइव्ह लॅपटॉपला जोडला गेला, आणि विषाणू थेट गुप्त जाळ्यात शिरला. एवढ्या बलाढ्य सेनेला त्याच वर्षी पेनड्राइव्हवर बंदी घालावी लागली.

२०१० साली ‘स्टक्सनेट’ उघडकीस आला. इराणातील नतांझचा अणुप्रकल्प इंटरनेटपासून तोडलेला होता. तरी तो पेनड्राइव्हच्या वाटेनं आत पोचला, असं जाणकार मानतात. त्याची खुबी अशी, की पेनड्राइव्हमधली फाइलींची यादी नुसती पडद्यावर आली तरी तो कामाला लागे! भारतातल्या संगणकांनाही त्याची लागण झाली होती.

आता कुणी म्हणेल, अणुप्रकल्पाच्या गोष्टी शाळेतल्या गुरुजींना कशाला? पण पाहा. प्रश्नपत्रिका घेऊन निघालेला पेनड्राइव्ह छपाईच्या दुकानात जातो, तिथून शाळेत, तिथून घरी. दहा ठिकाणचं पाणी पिऊन तो येतो. म्हणून बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी विषाणूरोधकानं तपासावा, मगच फाइल उघडावी. तो जोडताच काही आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी. संगणकाच्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात. स्टक्सनेटनं वापरलेली ती फट अशाच सुधारणेनं बुजवली गेली. फोल्डर जाऊन नुसते ‘शॉर्टकट’ दिसू लागले, तर त्यांवर क्लिक करू नये आणि घाईनं सारं पुसूनही टाकू नये. मूळ फाइली पुष्कळदा लपवलेल्या असतात, त्या परत मिळू शकतात.

आणि सापडलेला पेनड्राइव्ह? अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी मुद्दाम २९७ पेनड्राइव्ह टाकून पाहिले; त्यांतल्या निदान १३५ पेनड्राइव्हमधल्या फाइली लोकांनी उघडल्या. २०१४ साली तर असंही दाखवून दिलं गेलं, की पेनड्राइव्हच्या अंतर्गत रचनेतच फेरफार केला, तर तो कीबोर्डाचं सोंग घेतो आणि तपासणीत सापडत नाही. तेव्हा बेवारशी पेनड्राइव्ह जोडूच नये, हे उत्तम. वाटेत सापडलेला लाडू आपण खातो का?