लशीची पारख कोणी करायची?

आमच्या सारंगखेड्यात दत्त जयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. मालक कितीही तारीफ करो, घेणारा आपल्यासोबतच्या जाणकाराला पुढे करतो. तो दात बघतो, खूर उचलून पाहतो, चाल बघतो, भोवरे तपासतो. मालकाला त्यात अपमान वाटत नाही. पण सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थेची देशोदेशीच्या तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी म्हटलं, की अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. मुंबईत परळला असलेल्या हाफकिन संस्थेच्या वाट्याला अशी तपासणी सव्वाशे वर्षांपूर्वीच आली होती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. सरकारवर मात्र लोकांचा विश्वास नव्हता. घरोघरी झडत्या चालू होत्या, पडदा पाळणाऱ्या बायकांनाही तपासलं जात होतं. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या मुस्लिम विणकरांनी एका आजारी मुलीला नेऊ दिलं नाही आणि दंगल पेटली. अशा काळात विशीतल्या तिसऱ्या आगाखानांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, प्रयोगशाळेला आपली खुश्रू लॉज ही इमारतही दिली. त्यांचे खोजा अनुयायी लशीसाठी पुढे आले.

पण नेत्याचा दंड पाहून बसलेला विश्वास त्याच्या माणसांपुरता असतो. लस खरंच काम करते का, हे कोणीतरी बाहेरून तपासायला हवं होतं. १८९८ मध्ये नेमलेल्या प्लेग कमिशनने ते केलं. अध्यक्ष एडिनबरोचे प्राध्यापक फ्रेझर होते. सोबत टायफॉइडच्या लशीवर स्वतः काम केलेले आल्मरोथ राइट आणि इजिप्तमधल्या क्वारंटाइन मंडळाचे मार्क आर्मांड रफर होते. बाकी दोघे सनदी अधिकारी. कमिशन देशभर हिंडलं, साक्षी घेतल्या. लशीने लागण आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, असं त्यांनी लिहिलं. लस पूर्ण संरक्षण देत नाही आणि डोसचं प्रमाण नेमकं ठरवलेलं नाही, हेही लिहिलं. दोष दाखवले म्हणून प्रयोगशाळा बुडाली नाही. १८९९ मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि लाखो डोस बनवू लागली.

दुसरी तपासणी अगदी वेगळी झाली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेन्किन्स यांच्या चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला. हाफकिन यांचं संचालकपद गेलं. चौकशीची कागदपत्रं बाहेर यायला चारेक वर्षं लागली. ती आल्यावर रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी त्यातल्या साक्षी वाचल्या. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे त्या साक्षींतच होतं. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून आरोप खोटा ठरल्याचं सांगितलं. हाफकिन भारतात परतले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं, इतकंच.

मला या दोन तपासण्यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. पहिलीत त्या कामातले जाणकार होते आणि त्यांनी गुणदोष दोन्ही लिहिले. दुसरीत निकाल आधी लागला, पुरावे उशिरा बाहेर आले. एका माणसाची उमेदीची वर्षं त्यात गेली. शिवाय प्लेग थैमान घालत असताना पंजाबातली लसीकरणाची मोठी मोहीम कोलमडली, त्याची किंमत गोरगरिबांनी मोजली.

कोविडच्या काळात आपल्या मोहल्ल्यांत लशीबद्दल शंका निघाल्या, तेव्हा शंका घेणाऱ्यांना अडाणी म्हणणं सोपं होतं. मदनपुऱ्याच्या विणकरांनाही तेच म्हटलं गेलं. प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करून विश्वास बसत नाही. संस्था आपल्या पैशावर चालते, तर तिची पारख त्या विद्येतल्या बाहेरच्या माणसांनी करावी आणि अहवाल आपल्या भाषेत आपल्यासमोर यावा, ही मागणी आपण सगळ्यांनी करायला हवी.