कातडीखालचा चुना

बोटाच्या टोकाशी, कोपरावर किंवा गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कातडीच्या आत एक कडक गाठ हाताला लागते. महिनोन्महिने ती तशीच राहते, मग ठणकू लागते. एक दिवस वरची कातडी फुटते आणि आतून खडूच्या भुकटीसारखा पांढरा ऐवज बाहेर पडतो. बघणाऱ्याला तो पू वाटतो. तपासणीत कॅल्शियम निघालं की साहजिकच संशय खाण्यावर जातो. अहिल्यानगरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात तो दुधावर जातो, पान खाणाऱ्या घरात पानाच्या चुन्यावर. दोन्ही संशय चुकीचे आहेत. हे कळायला वैद्यकशास्त्रालाही खूप काळ लागला.

अशा गाठींमागे स्क्लेरोडर्मा असू शकतो, म्हणजे कातडी ताठ आणि जाड होत जाण्याचा आजार. त्याचं पहिलं सविस्तर वर्णन इटलीतल्या नेपल्सचे डॉक्टर कार्लो कुर्झिओ यांनी 1750 च्या दशकात केलं. रुग्ण होती 17 वर्षांची मुलगी. वाफारे, दूध, पारा आणि पायातून रक्त काढणं असे उपचार तिच्यावर झाले. ताठ कातडी हे त्या वर्णनाचं केंद्र होतं, गाठींचा पत्ता नव्हता. 1862 मध्ये पॅरिसच्या मोरीस रेनो यांनी थंडीत बोटं पांढरी-निळी पडण्याचा विकार मांडला, तोही वेगळा म्हणूनच. ताठ कातडी आणि चुन्याच्या गाठी एकाच माणसात असल्याची नोंद 1878 मध्ये वेबर यांनी केली. तेव्हा क्ष-किरण नव्हते. गाठ फुटली किंवा कापली तरच चुना दिसायचा. 1895 मध्ये रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि न फुटलेल्या गाठीही फोटोत उमटू लागल्या. 1911 मध्ये थिबिएर्ज आणि वाइसेनबाख या फ्रेंच डॉक्टरांनी ही जोडी इतकी ठसठशीत मांडली की पुढे ती त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

खरा धागा जुळवला तो एका विद्यार्थ्याने. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकत असताना रिचर्ड विंटरबॉअर यांनी 1964 मध्ये आठ रुग्णांवर लेख लिहिला. त्या रुग्णांच्या अंगावर बारीक लाल ठिपके होते, त्यामुळे हा घराण्यात चालत येणारा रक्तस्रावाचा आजार वाटावा. पण त्याच माणसांत थंडीने पांढरी पडणारी बोटं होती, ताठ कातडी होती, चुन्याच्या गाठीही होत्या. मला या नोंदीचं फार मोल वाटतं. सुटी सुटी पाहिलेली लक्षणं एकाच माणसाची आहेत, हे त्यात दिसलं. पुढे अन्ननलिकेचा त्रासही या यादीत आला आणि ‘क्रेस्ट’ हे नाव रुळलं. 1980 मध्ये या प्रकाराशी जोडलेलं सेंट्रोमियरविरोधी प्रतिपिंड सापडलं, तेव्हापासून रक्ताच्या तपासणीनेही निदानाला आधार मिळतो.

मग चुना येतो कुठून? या आजारात बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, पेशींना प्राणवायू कमी पडतो, त्या दुखावतात आणि मरतात. अशा जागी कॅल्शियम आणि फॉस्फेट साचतं. त्यातून बनतं ते हाडांमधलंच खनिज, हायड्रॉक्सीॲपेटाइट. रक्तातलं कॅल्शियम मात्र सहसा अगदी ठीक असतं. मेलेल्या किंवा दुखावलेल्या जागी चुना बसवणं ही शरीराची जुनी रीत आहे. महाराष्ट्राने ती नारू या कातडीखाली वाढणाऱ्या जंताच्या रोगातही पाहिली. बाहेर न पडता आतच मेलेला नारू कॅल्शियमने कडक व्हायचा आणि अनेक वर्षांनी एक्स-रेमध्ये दोऱ्यासारखा दिसायचा. भारतातला शेवटचा नारू 1996 मध्ये आढळला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त ठरला. नारूच्या माणसाला कोणी दूध सोडायला सांगून उपयोग झाला नसता. इथेही होत नाही.

स्क्लेरोडर्माच्या सुमारे 20 ते 40 टक्के रुग्णांना अशा गाठी होतात, आणि या आजाराच्या रुग्णांत बायका जास्त. गाठ विरघळवणारं खात्रीचं औषध अजून नाही. डिल्टियाझेम किंवा सोडियम थायोसल्फेट वापरून पाहतात, पण फायदा सगळ्यांना होत नाही. फार त्रास देणारी गाठ शस्त्रक्रियेने काढतात, तरी ती पुन्हा होऊ शकते. म्हणून जपणूक महत्त्वाची. अकोले तालुक्यात कळसूबाईच्या पायथ्याशी हिवाळ्यात पहाटे धार काढणाऱ्या बाईला हातमोजे आणि कोमट पाणी हा उपचाराचाच भाग आहे. मिश्री आणि तंबाखू तर सोडायलाच हवी, कारण आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या निकोटिनने आणखी आवळतात.

गाठ घरी फोडू नका, सुईने टोचू नका. जखम लाल झाली, गरम लागली, ताप आला तर लगेच दवाखाना गाठा, कारण चुन्याच्या जखमेत जंतुसंसर्ग होतो. डॉक्टरांकडे गेल्यावर गाठ दाखवून थांबू नका. थंडीत बोटं पांढरी पडतात का, घास अडकतो का, चालताना दम लागतो का, तेही सांगा. लोणी आणि विळद घाट इथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं अहिल्यानगर जिल्ह्यातच आहेत, तिथून सुरुवात करता येते. आणि दूध डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.