सात रस्त्यावरून क्रॉयडनला

साल 2014. अनंत चतुर्दशीची रात्र. सोलापूरच्या सात रस्त्यावर एका बंद टपरीला टेकून तुम्ही उभे आहात आणि तुमच्या शर्टाची बटणं थरथरतायत. गाणं अजून नीट ऐकूच आलेलं नाही. ट्रक लांब आहे, मध्ये माणसांची भिंत आहे, तरी होटगी रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या दुकानाचं शटर खडखडायला लागलंय.

ट्रक जवळ येतो. वर खोक्यांची चळत: खाली बेस, वर टॉप, मागच्या गाडीवर धूर ओकणारा जनरेटर. ऑपरेटर पोरगा विशीचा असेल. त्याचं लक्ष गर्दीकडे नाही, बोटाखालच्या बटणांकडे आहे. आधी वाजतो सायरन. मग कुठल्याशा सिनेमातल्या व्हिलनचा घोगरा डायलॉग. मग डीजेचं स्वतःचं नाव, दोनदा. आणि मग काहीच नाही. एक सेकंद, दोन सेकंद. वर गेलेले हात तसेच हवेत. शेजारचा पोरगा ओळख नसताना तुमच्या कानात ओरडतो, ‘‘प्रेशर बघा आता!’’

बेस पडतो. पोटात पडतो. त्यात एक गुरगुर आहे, लाटेसारखी वरखाली होणारी, आणि तिच्यावर हलगीचा ठेका चिकटवलेला. त्या गुरगुरीला डबस्टेप म्हणतात, हे ह्या चौकात कुणालाही ठाऊक नाही. त्यावाचून कुणाचं काही अडलेलंही नाही.

आता इथून निघा. सात रस्ते आहेत म्हणून सातही तुडवायला नकोत. गर्दी जिथं विरळ दिसतेय त्या रस्त्याला लागा आणि मागं वळून बघू नका.

बाहेर पडता ते किंग्स्टनमध्ये. जमैका, 1970 च्या दशकाची सुरुवात. वॉटरहाऊस वस्तीत एका घरात ऑस्बोर्न रुडॉक नावाचा माणूस डाग द्यायची तार हातात घेऊन बसलाय. धंदा रेडिओ-ट्रान्झिस्टर दुरुस्तीचा. लोक त्याला किंग टबी म्हणतात. त्याच्याकडे ध्वनिमुद्रित गाणी येतात आणि तो त्यातून गाणाराच काढून टाकतो. मागं उरतात ड्रम आणि बेस. एखादा शब्द मध्येच येतो, प्रतिध्वनीत विरघळून जातो. ह्या प्रकाराचं नाव डब. रात्री हीच तबकडी रस्त्यावर उभ्या केलेल्या कपाटाएवढ्या स्पीकरांवर वाजते. दोन साऊंडवाले समोरासमोर आले की कोण कोणाला झाकतो ह्याची झुंज लागते. जिंकायचं तर दुसऱ्याकडे नसलेलं गाणं हवं, म्हणून खास स्वतःच्या साऊंडचं नाव घेतलेली तबकडी कापून घ्यायची. जोडीला सायरन.

ओळखीचं वाटलं ना? मंडळाच्या नावाचं स्पेशल गाणं, दोन डीजेंची कॉम्पिटिशन, ड्रॉपच्या, म्हणजे बेस पडण्याच्या, आधी वाजणारा सायरन. सोलापूरच्या पोराला किंग्स्टनचा पत्ता कुणी दिला नव्हता. त्याच्याकडे हे सगळं फिरत फिरत आलं, आणि त्या फिरण्यातला मोठा टप्पा लंडनचा आहे. 1948 मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन माणसं इंग्लंडला उतरली, त्यांच्या मागोमाग त्यांचे स्पीकरही आले, आणि लंडनच्या दक्षिण भागातल्या तळघरांतून बेस घुमायला लागला. तिथं फार रेंगाळू नका. पुढचं ठिकाण जास्त मजेचं आहे.

2002. क्रॉयडन. लंडनच्या दक्षिण टोकाचं उपनगर, काँक्रीटच्या उंच कचेऱ्या आणि त्यांच्या सावलीत सरी स्ट्रीटची जुनी भाजी मंडई. मध्य लंडनवाले क्रॉयडनचं नाव काढलं की हसतात. पुण्यात ‘‘मी सोलापूरचा’’ असं सांगून बघितलेल्याला वेगळं समजावायला नको. मंडईतल्या गाड्यांमधून वाट काढत ‘बिग ॲपल रेकॉर्ड्स’ नावाच्या दुकानात शिरा. काउंटरमागं हॅचा नावाचा डीजे तबकड्या विकतोय. जवळच एक सोळाएक वर्षांचा पोरगा उभा आहे, ऑलिव्हर जोन्स. संगीतात तो स्क्रीम. त्याच्याच वयाचा त्याचा दोस्त बेंगा. दोघांपैकी कुणाकडेही स्टुडिओ नाही. बेंगानं सुरुवात केली प्लेस्टेशनवरच्या संगीताच्या गेमवर, मग दोघं फ्रुटी लूप्सवर आले. आज एफएल स्टुडिओ म्हणतात ते हेच सॉफ्टवेअर. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या डीजे मिक्सवाल्यांच्या कॉम्प्युटरवर तेच उघडं असतं.

ही पोरं काय करतायत ते नीट ऐका, कारण सगळी गोम इथं आहे. लंडनच्या क्लबांत तेव्हा गराज नावाचं चकचकीत, गोड गळ्याचं नाचाचं संगीत चालायचं. ह्यांनी त्यातला गळा काढला, चकाकी काढली. वेग ठेवला मिनिटाला 140 ठोक्यांच्या आसपास, पण ढोलाचा मुख्य आघात इतक्या अंतरानं टाकला की तो निम्म्या वेगाचा भासावा. मधली जागा मोकळी सोडली. त्या मोकळ्या जागेत खाली, 40-50 हर्ट्झवर, बेस सोडला आणि त्यावरचा फिल्टर ठरावीक चालीनं उघडझाप करायला लावला. ती गुरगुर, तो वॉबल, इथं जन्मला. एवढ्या खालचा स्वर कानापेक्षा फासळ्यांना आधी कळतो.

ऐकायला माणसंही मूठभरच. ‘फॉरवर्ड’ नावाची क्लबची रात्र, ‘रिन्स एफएम’ हे परवाना नसलेलं चोरटं रेडिओ स्टेशन, आणि दुकानातली गर्दी. दुकान 2004 मध्ये बंदही पडलं.

मार्च 2006 ची एक रात्र. ब्रिक्स्टनमध्ये सेंट मॅथ्यूज चर्चच्या इमारतीत ‘मास’ नावाचा क्लब आहे. माला, कोकी आणि लोफा ह्या मंडळींच्या ‘डीएमझेड’ नावाच्या क्लबच्या रात्रीला वर्ष पुरं होतंय. जानेवारीत मेरी ॲन हॉब्सनं बीबीसी रेडिओ वनवर ह्या सगळ्यांना एकत्र आणून एक कार्यक्रम केला आणि तो जगभर ऐकला गेला. परिणाम दारात दिसतोय: रांग संपत नाही. शेवटी सगळा बाडबिस्तरा वरच्या मोठ्या दालनात हलवावा लागतो. तुम्हीही गर्दीबरोबर वर चढा.

आत जवळजवळ अंधार. लेझर नाही, डीजेचा चेहराही धड दिसत नाही. बेसच्या वजनावर ध्यान लावा, असं ह्यांचं ब्रीद आहे आणि माणसं खरोखर डोळे मिटून उभी आहेत. वाजतायत त्या डबप्लेट: फॉरेस्ट हिलच्या ‘ट्रान्झिशन’ स्टुडिओत एकेकटी कापलेली, मऊ लॅकरच्या लेपाची तबकडी. थोड्याच दिवसांत ती झिजते, मग गाणंच जातं. हवेत घामाचा वास आहे. बेस येतो तेव्हा तुमची पँट पोटरीला चिकटते आणि सुटते. तो थांबतो तेव्हा शेजाऱ्याचा श्वास ऐकू येतो. आवाज मोठा आहे, सात रस्त्याइतकाच म्हणा. पण इथला प्रत्येक माणूस तिकीट काढून आत आलाय आणि नको वाटलं तर त्याला दार आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पुढच्या वर्षी, 2007 मध्ये, बेरियल नावाच्या निनावी कलावंताचा ‘अनट्रू’ अल्बम आला. त्यात पाऊस आहे, रात्रीची बस आहे असं वाटतं, तुटक मानवी आवाज आहेत. पुढं मर्क्युरी पारितोषिकासाठी त्याचं नामांकन झालं. डबस्टेपची इभ्रत आजही ज्या खुंट्यांवर टांगलेली आहे त्यातली ही मोठी खुंटी.

मग इभ्रत घसरली कशी? त्यासाठी लॉस एंजेलिसला, फेब्रुवारी 2012 मध्ये, ग्रॅमीच्या सोहळ्यात. अर्धं डोकं भादरलेला, काळ्या चष्म्याचा सोनी मूर मंचावर येतो. तो स्क्रिलेक्स. त्या वर्षी त्याला तीन ग्रॅमी मिळतात. त्याच्या संगीतात क्रॉयडनची गुरगुर आहे, पण ती पोटातून उठून घशात आली आहे. ती किंचाळते. याचं कारण निव्वळ तांत्रिक आहे असं माझं मत: 45 हर्ट्झ लॅपटॉपच्या स्पीकरमधून निघतच नाही. जग संगीत ऐकायला लागलं लॅपटॉपवर, मग बेसला तिथं ऐकू यायचं तर वरच्या पट्टीत चढणं भाग होतं. वजनाची जागा दणक्यानं घेतली. मोकळी जागा भरून गेली. गाणं म्हणजे ड्रॉपची वाट बघणं, एवढंच उरलं.

मग जाहिराती, सिनेमांचे ट्रेलर, आणि विनोद. यंत्रमानवांची मारामारी म्हणे, बिघडलेला प्रिंटर म्हणे. जुन्या मंडळींनी ह्या नव्या अवताराला ‘ब्रोस्टेप’ म्हणून हिणवलं. स्क्रिलेक्सला जेवढ्या शिव्या बसल्या तेवढ्या त्याच्या पदरात घालणं मला रास्त वाटत नाही. त्यानं आपल्या काळाच्या स्पीकरांसाठी गाणी केली. पण नाव खराब झालं ते झालंच. स्क्रीम दुसऱ्या संगीताकडे वळला. बेंगानं 2014 च्या सुरुवातीला निवृत्ती जाहीर केली. तुम्ही सात रस्त्यावर बटणं सांभाळत उभे होता, तेच हे वर्ष.

आणि पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, मुंबईत विसर्जनाच्या मिरवणुकीत एक ट्रक चाललाय आणि त्यावर उद्यान सागर ऊर्फ न्यूक्लिया ‘बेस राणी’ हा आपला अल्बम वाजवतोय. तुम्ही ट्रकच्या कडेनं चाला. गुलाल नाकात जातोय. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ नावाचा क्लब होता, तिथं हेच संगीत हातात ग्लास घेऊन ऐकणारी मुंबई वेगळी, ही वेगळी. क्लबवाल्या बेसला मिरवणुकीच्या ठेक्याशी उघड उघड जोडून देणारा हा माणूस. त्याला नाव मिळालं, अल्बमला मुखपृष्ठ मिळालं. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या मिक्सवाल्या पोरांना यातलं काही मिळालं नाही. त्यांची साऊंड चेकची गाणी पेन ड्राइव्हवरून पेन ड्राइव्हवर गेली. हलगी, संबळ, तेलुगू सिनेमातला ठेका आणि क्रॉयडनची गुरगुर एका पट्टीत बसवणं हे संगीताचं काम आहे. ते कुणी धड लिहून ठेवलेलं नाही, ही मराठी संगीत-समीक्षेची आळशी बाजू.

पण परतताना सात रस्त्याच्या गर्दीत शिरू नका. ह्या वेळी जवळच्या एका घरात शिरा, दुसऱ्या मजल्यावर. आतल्या खोलीत एक आजी पलंगावर बसून आहेत. खिडक्या बंद, फटीत चिंध्या कोंबलेल्या, तरी फडताळातली भांडी वाजतायत. 40 हर्ट्झच्या एका लाटेची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे अठ्ठावीस फूट. खिडकीची काच तिला काय अडवणार? सून म्हणते, ‘‘आत्या, थोडा वेळ, जाईल ट्रक पुढं.’’ ट्रक पुढं जात नाही. चौकात कॉम्पिटिशन लागली आहे. ब्रिक्स्टनला दार होतं. आजींना ते नाही.

कागदावर सगळं आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे: निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, काही मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर सविस्तर निकाल दिला. सप्टेंबर 2018 मध्ये विसर्जन मिरवणुकीत डीजे वाजवू द्या म्हणून साऊंडवाल्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयानं परवानगी नाकारली. 2025 मध्ये खुद्द सोलापुरात ‘डीजेमुक्त’ची मागणी घेऊन माणसं पुढं आली. ह्या शहराच्या मिरवणुकीला लेझमाची शान आहे, आजोबा गणपतीची 1885 पासूनची परंपरा आहे; मागणी रास्तच होती. माझी तक्रार एवढीच, की चौकातून बेस घालवताना त्याला चार भिंतींची जागा द्यायचा विचार कुणी केला नाही. ऑपरेटर पोराच्या हातात कसब आहे. ते वापरायला आवाज बाहेर न सोडणारं एखादं सभागृह सोलापुरात का असू नये?

तिकडे डबस्टेपच्या नावाचं पुन्हा बरं चाललंय. जानेवारी 2023 मध्ये स्क्रिलेक्स, फ्रेड अगेन आणि लंडनचा फ्लोडॅन ह्यांनी ‘रंबल’ काढलं. त्यात मोकळी जागा परत आली आहे, गुरगुर परत पोटात उतरली आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं आणि ज्या स्क्रिलेक्सवर डबस्टेप बुडवल्याचा आळ होता, त्याच्याच हातून त्याची पत सावरली.

ऐकून बघायचं असेल तर ‘अनट्रू’ किंवा स्क्रीमचं 2005 सालचं ‘मिडनाइट रिक्वेस्ट लाइन’ काढा. फोनच्या स्पीकरवर मात्र लावू नका, खालचा निम्मा ऐवज त्यातून बाहेरच पडत नाही. बरा हेडफोन घ्या आणि आवाज निम्म्यावर ठेवा.