नळकांड्यातली हवा

एव्हरेस्टवर कुणी जाऊन आला की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता काय, पैसे असले की कुणीही जातो!" दोर आयता बांधलेला, ओझं शेर्पांच्या पाठीवर, प्राणवायू नळकांड्यात. मग कौतुक कशाचं?

हा वाद आजचा नाही. 1922 साली इंग्रजांची मोहीम एव्हरेस्ट चढायला गेली, तेव्हा प्राणवायू वापरणं खिलाडूपणाचं नाही, असं त्यांच्यातल्याच काहींना वाटत होतं. जॉर्ज फिंच यांनी मात्र नळकांडी पाठीवर घेतली आणि त्यांच्याशिवाय गेलेल्या मॅलरींच्या तुकडीपेक्षा ते वर, सुमारे 27 हजार 300 फुटांपर्यंत पोहोचले. पिसं भरलेला कोटही त्यांनी खास शिवून घेतला होता. पुढे 1953 मध्ये तेनसिंग आणि हिलरी शिखरावर उभे राहिले, तेही प्राणवायू घेऊनच. 1978 मध्ये मेसनर आणि हाबेलर त्याच्याशिवाय चढले, त्यांना सलामच. पण सगळ्यांना त्याच मापानं मोजायचं ठरवलं तर हिलरीही नापास होतील.

सामान सुधारलं हे खरंच. नळकांडी हलकी झाली, कपडे उबदार झाले, हवामानाचा अंदाज पुष्कळ नेमका येऊ लागला. डोंगर मात्र तोच आहे. शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या एक तृतीयांशच. 1922 च्या मोहिमेत हिमलोटाखाली सात हमाल गेले. 18 एप्रिल 2014 रोजी खुंबूच्या हिमप्रपातात 16 नेपाळी माणसं गेली. कौतुकाची वाटणी करायचीच, तर पहिला वाटा या दोर बांधणाऱ्यांचा आणि ओझं वाहणाऱ्यांचा. तो आपण देत नाही. आक्षेप घ्यायचा तर तो यावर घ्यावा, नळकांड्यांवर कशाला?

पुण्याचे सुरेंद्र चव्हाण 1998 मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले, तेव्हा महाराष्ट्राला सह्याद्रीच्या कड्यांची आठवण झाली. आमच्या मराठवाड्याला तसे कडेही फारसे नाहीत. तरी तेव्हाच्या औरंगाबादचे पोलीस शिपाई रफिक शेख निघाले. 2014 ला गेले, तर त्या दुर्घटनेनं मोहीम थांबली. 2015 ला गेले, तर नेपाळचा भूकंप. दोनदा हात हलवत परतलेला माणूस तिसऱ्यांदा निघतो, तेव्हा त्याच्या पाठीवरचं सामान कुठल्या कंपनीचं आहे हे विचारावंसं मला वाटत नाही. मे 2016 मध्ये ते शिखरावर पोहोचले.

त्याच महिन्यात पुण्याच्या पोलीस दलातल्या एका दांपत्यानंही शिखर गाठल्याचा दावा केला. नेपाळनं आधी प्रमाणपत्रं दिली. मग छायाचित्रं बनावट ठरली, ऑगस्टमध्ये दहा वर्षांची बंदी आली, पुढे नोकरीही गेली. परवाना होता, शेर्पा होते, सामान होतं. पैसे असले की कुणीही जातो म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, मग त्यांना दुसऱ्याच्या फोटोवर हात का चालवावा लागला?