कॅम्पस मार्शियस, डेट्रॉइट

कॅम्पस मार्शियस : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहराचा मध्यवर्ती चौक आणि त्यातील सार्वजनिक बाग. क्षेत्रफळ सुमारे अडीच एकर. सध्याची बाग नोव्हेंबर २००४ मध्ये खुली झाली. जमीन महापालिकेच्या मालकीची. दैनंदिन कारभार ‘डाउनटाउन डेट्रॉइट पार्टनरशिप’ या बिगरनफा संस्थेकडे. ओस पडलेल्या डाउनटाउनमध्ये माणसे परत कशी आणावीत याची चर्चा अमेरिकेत सुरू झाली की या चौकाचे उदाहरण हमखास निघते. ‘अर्बन लँड इन्स्टिट्यूट’ने शहरी मोकळ्या जागांसाठीचा आपला पहिला पुरस्कार २०१० मध्ये याच बागेला दिला.

१८०५ मध्ये लागलेल्या आगीत जवळजवळ सगळे डेट्रॉइट जळून गेले. त्यानंतर न्यायाधीश ऑगस्टस वुडवर्ड यांनी शहराचा नवा आराखडा मांडला आणि मोजणीचा आरंभबिंदू या चौकात धरला. त्या बिंदूची खूण आजही बागेच्या फरशीत पाहायला मिळते. जगभर माहीत झालेल्या ‘एट माइल रोड’चे आठ मैल मोजायचे ते याच भागापासून. चौकाचे नाव रोममधील मार्स देवाच्या मैदानावरून, ओहायोतील मॅरिएटा गावामार्गे आले. यादवी युद्धात कामी आलेल्या मिशिगनच्या सैनिकांचे स्मारक १८७२ मध्ये इथे उभे राहिले. सभा, मिरवणुका, सैन्याचे निरोप-समारंभ, सगळे याच चौकात होत असे. पुढे मोटारीने सगळे जग बदलले, डेट्रॉइट तर सर्वांआधी. रस्ते रुंद होत गेले, चौक आक्रसत गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते स्मारक वाहनांच्या लोंढ्यात अडकलेल्या एका बेटावर एकटे पडले.

शहराची उतरती कळा आकड्यांत सांगायची तर १९५० च्या जनगणनेत डेट्रॉइटची लोकसंख्या १८,४९,५६८ होती. २०१० मध्ये ती ७,१३,७७७ उरली. कारखाने उपनगरांत आणि इतर राज्यांत गेले. महामार्गांसाठी कृष्णवर्णीयांच्या नांदत्या वस्त्या पाडल्या गेल्या. जुलै १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे दगावली आणि आधीच सुरू असलेल्या गोऱ्या कुटुंबांच्या स्थलांतराला वेग आला. चौकापासून हाकेच्या अंतरावरचे हडसन्स हे अवाढव्य डिपार्टमेंट स्टोअर जानेवारी १९८३ मध्ये बंद पडले. पंधरा वर्षे रिकामी उभी असलेली ती इमारत २४ ऑक्टोबर १९९८ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आली. ते पाहायला डाउनटाउनमध्ये मोठी गर्दी जमली होती.

मधल्या काळात शहर हातावर हात ठेवून बसले होते असे नाही. उलट, डेट्रॉइटने पुनरुज्जीवनाचे जितके महागडे प्रयोग केले तितके फार थोड्या शहरांनी केले असतील. हेन्री फोर्ड दुसरे यांच्या पुढाकाराने आणि वास्तुरचनाकार जॉन पोर्टमन यांच्या आराखड्यानुसार नदीकाठी ‘रेनेसान्स सेंटर’ उभे राहिले. १९७७ मध्ये खुल्या झालेल्या या काचेच्या मनोऱ्यांच्या मधोमध ७३ मजली हॉटेल होते. संकुल दिमाखदार होते, पण शहराकडे पाठ करून बसलेले. जेफरसन ॲव्हेन्यूच्या बाजूने त्याला दोन मजली उंचीचे काँक्रीटचे बांध घातले होते. त्यामुळे नोकरदार माणूस गाडीने आत शिरे, आतच जेवे आणि गाडीनेच उपनगरात परते; बाहेरच्या दुकानदाराला त्याचे तोंडही दिसत नसे. आसपासच्या जुन्या इमारतींतली कार्यालये इथे आल्याने त्या मात्र रिकाम्या झाल्या. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये हे संकुल विकत घेतले आणि नंतर ते बांध पाडून टाकले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘पीपल मूव्हर’ या उन्नत रेल्वेची गतही फारशी वेगळी नव्हती. तिच्या जेमतेम तीन मैलांच्या फेरीत तेरा स्थानके होती, पण त्यांच्या खालच्या रस्त्यांवर उतरायचे कशासाठी, हा प्रश्न तसाच राहिला.

कॅम्पस मार्शियसचा विचार याच्या उलट टोकाने झाला. २००१ मध्ये शहराच्या स्थापनेला तीनशे वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने शहराला कायमची भेट म्हणून एक चौक द्यावा, ही कल्पना महापौर डेनिस आर्चर यांच्या कारकिर्दीत आकाराला आली आणि ‘डेट्रॉइट ३००’ या संस्थेने देणग्या गोळा केल्या. सल्ला देणाऱ्यांत न्यूयॉर्कची ‘प्रोजेक्ट फॉर पब्लिक स्पेसेस’ ही संस्था होती. तिचा वारसा विल्यम व्हाइट यांचा. व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसे नेमकी कुठे बसतात हे तासन्‌तास टिपले. त्यांचा निष्कर्ष ऐकायला बाळबोध वाटतो : जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात. त्यातली बारीक गंमत अशी की, सुटी खुर्ची मिळाली तर माणूस बसण्याआधी ती चार बोटे का होईना सरकवतो. त्याने सोयीत काही फरक पडत नसला तरी सरकवतो, कारण त्या क्षणापुरती ती जागा त्याची होते. याच विचारांवर न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क, जे एकेकाळी गर्दुल्ल्यांचा अड्डा म्हणून बदनाम होते, १९९२ मध्ये नव्याने खुले झाले आणि त्याचा कायापालट झाला.

डेट्रॉइटमध्ये आधी वाहनांना वळसा घालायला लावले. वुडवर्ड ॲव्हेन्यूची वाहतूक बागेच्या दोन्ही अंगांनी वळवली, मधली जागा एकसंध केली, स्मारक थोडे सरकवून नीट बसवले. हिरवळ, कारंजे, दोन छोटे रंगमंच, खाण्याची जागा आणि हलवता येतील अशा खुर्च्या, एवढाच ऐवज. हिवाळ्यात मधोमध बर्फावरील स्केटिंगचे रिंगण तयार होते. नोव्हेंबरात मिशिगनच्याच जंगलातून आणलेले उंच सूचिपर्णी झाड उभारून त्यावर दिवे लावतात आणि त्या संध्याकाळी चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. २०१३ पासून उन्हाळ्यात बागेच्या एका भागात चक्क वाळू पसरतात. टायची गाठ सैल केलेले कारकून जेवणाच्या सुट्टीत तिथे खुर्ची टाकून बसतात. पोरे फावडी-बादल्या घेऊन किल्ले करतात. समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या गावात डाउनटाउनच्या चौकात वाळू टाकायची, हे कुणाला पोरकट वाटेल. पण खर्च किरकोळ आणि परिणाम रोजचा.

या ‘रोज’मध्येच खरी मेख आहे. बाग बांधणे हे एकदाचे काम. ती चालवणे हे नित्याचे. सकाळी झाडलोट, खुर्च्या मांडणे, दुपारचे गाणे-बजावणे, संध्याकाळचा सिनेमा, बर्फाची निगा, सुरक्षारक्षक, प्रायोजक शोधणे, यासाठी पगारी माणसे लागतात. महापालिकेच्या उद्यान विभागाला तेव्हा शहरातल्या इतर बागांचे गवत कापणेही जड जात होते. हा खर्च देणग्या, प्रायोजक आणि आसपासच्या व्यवसायांच्या बळावर उभा राहिला. २०१४ मध्ये डाउनटाउनमधील मालमत्ताधारकांनी स्वतःवर जादा आकारणी लावून घेणारा ‘बिझनेस इम्प्रूव्हमेंट झोन’ मंजूर केला. अमेरिकेत ही पद्धत १९७० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सपासून रुजली. डेट्रॉइटला ती उशिरा आली.

नुसत्या बागेने भागले नसते. बागेला लागूनच ‘कॉम्प्युवेअर’ या सॉफ्टवेअर कंपनीचे नवे मुख्यालय २००३ मध्ये उभे राहिले आणि फार्मिंग्टन हिल्स या उपनगरातून सुमारे चार हजार कर्मचारी डाउनटाउनला आले. दुपारी जेवायला बाहेर पडणारी माणसे आणि त्यांना बसायला चौक, अशी ही गाठ जमली. कंपनीची पुढे पडझड झाली, तरी इमारत रिकामी पडली नाही. ऑगस्ट २०१० मध्ये डॅन गिल्बर्ट यांनी आपल्या ‘क्विकन लोन्स’ या गृहकर्ज कंपनीचे (आताचे ‘रॉकेट’) सुमारे १,७०० कर्मचारी लिव्होनियाहून याच इमारतीत आणले. मंदीत कवडीमोल झालेल्या जुन्या गगनचुंबी इमारती त्यांच्या ‘बेडरॉक’ या कंपनीने एकामागून एक विकत घेतल्या. पाहता पाहता हा आकडा शंभरापलीकडे गेला आणि चौकाच्या आसपासचा बराचसा भाग एका माणसाच्या हातात आला.

याच काळात, १८ जुलै २०१३ रोजी, डेट्रॉइट महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे अठरा अब्ज डॉलरांच्या देण्यांमुळे ही अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत मोठी नगर-दिवाळखोरी ठरली. शहरातले जवळजवळ ४० टक्के पथदिवे तेव्हा बंद होते. चौकात कारंजी चालू आणि दोन मैलांवर अख्खी गल्ली अंधारात, असा तो प्रकार होता. डिसेंबर २०१६ पर्यंत ६५,००० नवे एलईडी दिवे लावून झाले तेव्हा कुठे वस्त्यांना उजेड मिळाला.

उत्सव-सोहळ्यांच्या बाबतीत मात्र डेट्रॉइटला कुणाकडून शिकायची गरज नव्हती. हडसन्सने १९२४ मध्ये सुरू केलेली थँक्सगिव्हिंगची मिरवणूक दुकान बंद पडल्यावरही वुडवर्ड ॲव्हेन्यूवरून निघत राहिली. १९८० पासून सप्टेंबरच्या तोंडावर होणारा जॅझ महोत्सव विनामूल्य आहे आणि त्याचे मंच कॅम्पस मार्शियसपासून नदीकाठच्या हार्ट प्लाझापर्यंत असतात. इसामू नोगुची यांनी रचलेल्या त्या हार्ट प्लाझात २००० पासून टेक्नो संगीताचा महोत्सव भरतो. टेक्नोचा जन्मच डेट्रॉइट परिसरातला, त्यामुळे तो मान इथलाच. फेब्रुवारी २००६ मधील ‘सुपर बोल’ या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या निमित्ताने ‘विंटर ब्लास्ट’ हा थंडीतला उत्सव बेतला गेला आणि गोठवणाऱ्या हवेतही लोक डाउनटाउनला येतात हे दिसले. एप्रिल २०२४ मध्ये फुटबॉलपटूंच्या निवडीचा ‘एनएफएल ड्राफ्ट’ याच चौकाच्या परिसरात झाला. तीन दिवसांत पावणेआठ लाखांहून अधिक माणसे आली आणि ड्राफ्टच्या गर्दीचा विक्रम मोडला. अर्थात अशा गर्दीचा हिशेब जपून करावा. मुंबईकरांनी काळा घोडा महोत्सवात पाहिलेच आहे की, नऊ दिवस रस्ता फुलून येतो. उरलेले वर्ष त्या भागाचे काय होते, हे तिथल्या कार्यालयांवर, पदपथांवर आणि भाड्यांवर ठरते.

भाड्यांचा विषय डेट्रॉइटमध्ये कडवट आहे. चौकापासून जवळच्या कॅपिटॉल पार्कसमोरील ग्रिस्वोल्ड इमारतीत सरकारी अनुदानावर राहणारे शंभरावर वृद्ध भाडेकरू होते. अनुदानाचा करार संपल्यावर मालकांनी तो वाढवला नाही; २०१३ मध्ये भाडेकरूंना वर्षभराची मुदत मिळाली आणि २०१४ मध्ये तीच इमारत नव्या नावाने महागडी घरे घेऊन बाजारात आली. दुसरा वाद खुद्द बागेतला. २०१३ मध्ये घरजप्तीविरोधी कार्यकर्ते इथे पत्रके वाटत असताना खासगी सुरक्षारक्षकांनी त्यांना हटकले. ‘अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन’च्या मिशिगन शाखेने त्यावर न्यायालयात धाव घेतली आणि प्रकरण तडजोडीने मिटले. सार्वजनिक जमीन खासगी संस्थेकडे दिली की स्वच्छता येते. पण घोषणा देणाऱ्याला ‘निघा’ म्हणण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही, हे न्यायालयापर्यंत जाऊन सांगावे लागले. ज्या शहरात तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत, तिथल्या नव्या उपाहारगृहांत बसलेले चेहरे बहुतेक उपनगरी का, हाही प्रश्न वारंवार विचारला गेला आहे. २०१७ मध्ये सार्वजनिक पैशाच्या मोठ्या मदतीने बांधलेल्या ‘लिटल सीझर्स अरेना’ या क्रीडागृहाभोवती गजबजलेल्या वस्त्या उभ्या राहणार होत्या; बरीच वर्षे तिथे प्रामुख्याने वाहनतळच दिसत राहिले.

ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या उपनगरांत मोटार-उद्योगातील मराठी अभियंत्यांची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कचेरी उपनगरात, शाळा उपनगरात, महाराष्ट्र मंडळाचा गणपतीही बहुधा उपनगरातल्याच सभागृहात. ‘डाउनटाउनला संध्याकाळी जाऊ नका’ हा सल्ला नवागताला विमानतळावरून घरी नेतानाच मिळे. आता हीच कुटुंबे पाहुण्यांना स्केटिंग दाखवायला किंवा नदीकाठी फिरायला तिथे घेऊन जातात. मुक्कामाला मात्र फार थोडी.

कोविडनंतर घरून काम करण्याची सवय लागली आणि कार्यालयांतील गर्दीवर बेतलेले हे गणित डळमळले. दुसरीकडे, जनगणना विभागाच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये डेट्रॉइटची लोकसंख्या १९५७ नंतर प्रथमच वाढली. वाढ दोन हजारांच्याही आतली होती. हडसन्सच्या जागेवर २०१७ च्या अखेरीस नव्या मनोऱ्याचे काम सुरू झाले. एप्रिल २०२४ मध्ये जनरल मोटर्सने आपले मुख्यालय नदीकाठच्या रेनेसान्स सेंटरमधून हडसन्सच्या जागेवरील या नव्या संकुलात हलवण्याचे जाहीर केले. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनी व बेडरॉक यांनी रेनेसान्स सेंटरच्या सात मनोऱ्यांपैकी दोन पाडून शहरापासून नदीपर्यंतची वाट मोकळी करण्याची योजना मांडली आणि तिच्या खर्चातला किती वाटा करदात्यांनी उचलायचा यावर वाद सुरू झाला.