थोरल्या पातीचे वीजघर

इ. स. १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस म्हणून रुजू झाले. बागा, टेनिसची मैदाने, पाहुणेघर, मोटारी आणि वीजघर ही खाती त्यांच्याकडे आली. लेखन-वाचनाशी यांपैकी एकाचाही संबंध नव्हता, ही गंमत त्यांनीच पुढे ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ च्या पुस्तकात नमूद केली आहे. मोटारी आणि वीज एकाच चिटणिसाच्या हाताखाली होत्या खऱ्या. पण त्या दोहोंची सोयरीक जुळण्याचा काळ अद्याप फार दूर होता.

देवासची घडणच मुळी विलक्षण. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंच्या दोन पात्यांनी १८४१ पासून आपापला कारभार निराळा केला; राजधानी मात्र एकच राहिली. हमरस्त्याच्या एका अंगास एकीचा अंमल, दुसऱ्या अंगास दुसरीचा. पाणीपुरवठा आणि दिवाबत्तीदेखील दोन्हीकडे वेगवेगळी! १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तेव्हा कुठे हा दुजाभाव सरला.

१९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकनचा सौर घट जगापुढे मांडला. पडलेल्या उन्हाचा शेकडा सहा हिस्सा तेवढा त्यातून विजेत उतरे. आज पवारांच्याच जुन्या धार संस्थानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात, पीथमपुरास, वाहनांचे कारखाने आहेत, आणि ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्गही २०२१ च्या जूनपासून आहे. २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपये साहाय्य मिळू लागले. एक किलोवॉटचा संच चांगल्या उन्हात दिवसाकाठी सुमारे चार युनिट वीज देतो. विजेच्या स्कूटरची बॅटरी साधारण तीन युनिटांत भरते. हिशेब सरळ दिसतो.

अडचण वेळेची आहे. ऊन तापते दुपारी, आणि त्या वेळी स्कूटर कारखान्याच्या दाराशी उभी असते. ती घरी परतते तो सूर्य मावळलेला. म्हणून दुपारची वीज तारेवर सोडावयाची व रात्री तितकीच परत घ्यावयाची, असा दुहेरी मोजणीचा मीटर बसवितात. पण त्यास स्वतःचे छप्पर हवे. सामाईक गच्चीवर पत्रे कोणी बसवावे, मीटर कोणाच्या नावे लागावा, याचा निवाडा भाऊबंदांत सहज होत नाही. देवासच्या हमरस्त्याला तो अनुभव जुनाच आहे. भाडेकरूला तर गच्चीवर हक्कच नसतो. त्याची स्कूटर आजही तारेवरच्याच, म्हणजे बहुतांशी कोळशाच्या, विजेवर धावते.